गडावर वाहिलेले बूट

शैले, काल गुरुवार झाला. तुझ्याशिवाय खोली उघडली तो पहिला. मागच्या गुरुवारी प्लास्टरची खोली उघडलीच नव्हती, आम्ही सगळे अमरधामला होतो. माणसं तुझ्या वडिलांजवळ येऊन सांगत होती, फार मोठी डॉक्टर होती हो, किती लेकरांना पायावर उभं केलं तिने. ते नुसती मान हलवत होते. मला मात्र राहून राहून तुझा राग येत होता. सोमवारी माझ्याशी कडाकडा भांडलीस, "गुरुवारी बोलू" म्हणून गाडी काढलीस, आणि बुधवारी सकाळी चहा पिता पिता डोकं धरून जी खाली बसलीस ती उठलीच नाहीस. हे काय वागणं झालं का? वाद अर्धा टाकून कुणी जातं का?

आता तुला आवडो न आवडो, तो वाद मी इथे पुरा करणार आहे. मध्ये बोलू नकोस. नाहीतरी आयुष्यभर तूच मध्ये बोलत आलीस.

तू हाडांची डॉक्टर, मी फिजिओ. जन्मतःच पाऊल आत वळलेलं बाळ आलं की दर आठवड्याला तू ते पाऊल थोडं थोडं सरळ करायचीस, मी तसंच धरून ठेवायची, आणि आपण दोघी मिळून प्लास्टर चढवायचो. ही झाली पहिली पायरी. ती सगळ्यांना दिसते आणि पेढेही तिचेच वाटले जातात. खरी कसोटी पुढे. दोन छोटे बूट, मधे आडवी दांडी, आणि ते दांडीचे बूट पोराला रोज रात्री झोपताना घालायचे, नाहीतर पाऊल पुन्हा आत फिरतं. चालायला लागलं तरी घालायचे. शाळेत जाईपर्यंत घालायचे. तुझं संशोधन होतं ते नेमकं याच मधल्या वर्षांवर. पाय सरळ झाल्यावर घरी काय होतं? बूट कोण घालतं, कोण सोडतं, आणि सोडलेल्यांच्या पायाचं पुढे काय होतं? मोठ्या हॉस्पिटलांना यात फारसा रस नसतो. तुला तोच होता.

"पाय अजून सुटलेले नाहीत, विजू. गप्प बसलेत," असं तू म्हणायचीस, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मी म्हणायची, बाई, जरा शुभ बोल. तू हसायची नाहीस. माझ्या पुतण्याच्या लग्नात तू पैठणी नेसून आलीस आणि अक्षता पडायच्या आत पाहुण्यांच्या एका पोरासमोर मांडवात उकिडवी बसलीस, त्याच्या टाचेखाली बोट घालून बघत. त्याची आई घाबरली ना गं! मी धावत जाऊन सांगितलं, डॉक्टर आहेत त्या, वेड्या नाहीत. त्या पोराचे पाय ठणठणीत होते. पण तुझं त्या दिवसाचं जेवण बेचव झालं, कारण पंगतीत तुला सगळीकडे पायच दिसत होते.

मनीषा आली तो गुरुवार आठवतो? वणीच्या अलीकडच्या एका खेड्यातली, द्राक्षाच्या छाटणीला जाणारी, विशीतली पोर. पदराखाली कार्तिकी, दोन्ही पावलं आत वळलेली. बरोबर सासू. आपण काही विचारायच्या आत सासूनेच सांगून टाकलं, "गिऱ्हानात भाजी चिरली हिने. लय सांगितलं व्हतं, बस गुमान. नाय आयकलं." मनीषाने मान वर केली नाही. तू हातातलं काम सोडलंस, स्टूल ओढून त्या बाईंच्या समोर बसलीस आणि म्हणालीस, "मावशी, मी हजारो बाळं बघितली असतील. ग्रहणाचा आणि पायाचा काही संबंध नाही. तुमच्या सुनेने काही केलेलं नाही." मग तेच वाक्य मनीषाकडे बघून पुन्हा म्हणालीस. ती पोर जी रडायला लागली, ती प्लास्टर वाळेपर्यंत रडत होती. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसली असतीस.

कार्तिकीचे पाय सुरेख सरळ झाले. सातपूरच्या वर्कशॉपमधून तिचे बूट आले, आतल्या बाजूला मार्करने नाव घातलेले. मनीषा रोज घालायची, एकही रात्र चुकवायची नाही. मग कार्तिकी चालली. आणि पुढच्या खेपेला मनीषा आली ती बुटांशिवाय. तोंडभर हसत म्हणाली, "मॅडम, गडावरच्या आईला नवस बोलले व्हते. पोर पायावर गड चढली का तिचे बूट तुझ्या पायरीशी वाहीन. चढली ना! समद्यांनी बघितलं. सासू बी व्हती." तू तिच्याकडे बघतच राहिलीस. बूट गडावर होते आणि कार्तिकीचं वय जेमतेम दीड वर्ष.

तू तिला समजावलंस, दुसरे बूट देतो, घाल. ती हो म्हणाली. नेलेही तिने. पण मला तिचं तोंड दिसत होतं. देवीला दिलेली वस्तू पुन्हा पायात घालायची म्हणजे नवस मोडायचा, आणि नवस मोडला की पाय फिरणार. तुझं शास्त्र सांगत होतं बूट काढले तर पाय फिरेल, तिची श्रद्धा सांगत होती बूट घातले तर पाय फिरेल. बिचारीने करावं तरी काय? शिवाय त्या बुटांबरोबर तिचं ग्रहणही सुटलं होतं. सगळ्या गावादेखत पोर गड चढली, म्हणजे आईचा दोष नव्हता. हे तिला आपल्या बोलण्याने मिळालं नव्हतं, त्या पायरीवर मिळालं होतं.

मग ते पसरलं. आपल्याच खोलीबाहेरच्या बाकावर पसरलं, आपल्या नाकासमोर. गुरुवारी आया एकत्र बसणार, डबे सोडणार, आणि कार्तिकी तुरुतुरु चालताना बघणार. "काय केलं गं तू?" "मी तर बाई गडावर बूट वाहिले." पहिल्यांदा दिंडोरीच्या एकीने केलं, मग कळवणच्या, मग पेठकडच्या. तू विचारलंस की सगळ्या एकजात हो म्हणायच्या, हो मॅडम, घालतो की. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, तुझं मन दुखू नये म्हणून.

एका रविवारी तू मला गाडीत घालून गडावर नेलंस. मला वाटलं दर्शनाला. तू पायऱ्यांशीच थांबलीस. कडेच्या एका झाडाला ते सगळे बूट बांधलेले होते, नारळांच्या शेंड्या आणि हिरव्या चोळ्यांच्या मधे, दांड्यांसकट लटकत होते. वाऱ्याने दांड्या एकमेकींवर आपटत होत्या. तू एकेक बूट उलटा करून आतलं नाव वाचायला लागलीस. साई. आरोही. यश. कार्तिकी. शाळेत हजेरी घ्यावी तशी वाचत होतीस, आणि प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होतीस. एक म्हातारी बाई जाता जाता कौतुकाने म्हणाली, "आईने समद्यांचं गोड केलं बघा." तू तिला नमस्कार केलास. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली, शैले. तोवर मला ते तुझं जास्तीचं काळजी करणं वाटत होतं.

इकडे हॉस्पिटलातली वरची मंडळी घाई करत होती. मुलं चालतायत, आकडे छान आहेत, छापून टाका की, पुढचा प्रकल्प घेऊ. तू म्हणालीस, नाही, ती शाळेत जाईपर्यंत थांबायचं. "आत्ता छापलं तर आपण फक्त गप्प बसलेले पाय छापू." वरचे साहेब हसले. मला हसू आलं नाही.

आणि मग सुरू झालं. पहिला यश. टाच जमिनीला टेकेना. त्याच्या आईला दिसतच नव्हतं, तिला तो "नाचत चालतो" असं वाटत होतं. मग आरोही, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालणारी. मग आणखी. ओपीडीच्या दारातून पोर आत येताना तू मान वर करायचीस, आणि तुझ्या तोंडाकडे बघूनच मला कळायचं. सगळ्यांचे बूट गडावर होते.

आपलं पहिलं मोठं भांडण झालं ते एका शब्दावरून. बूट सोडण्याची कारणं तू मांडत होतीस आणि गडावर बूट वाहिलेल्यांना तू 'निष्काळजीपणा' या रकान्यात टाकलंस. माझं डोकंच सणकलं. अगं, निष्काळजी? दोन एसट्या बदलून, मजुरीचा रोज बुडवून येणारी बाई निष्काळजी? लेकराला कडेवर न घेता सगळी चढण चालवत नेणारी बाई निष्काळजी? तू म्हणालीस, "मग दुसरा शब्द सांग. पाय तर फिरलाच ना?" मला शब्द सापडला नाही. तू मात्र तो खोडलास. त्या जागी काही लिहिलं नाहीस, मोकळी ठेवलीस. एवढं माझं ऐकलंस, त्याबद्दल तुझे उपकार.

आणि दुसरं भांडण हे सोमवारचं. तू वणीहून आली होतीस. बाजारात मनीषा दिसली म्हणालीस, तुला बघून ती भाजीच्या पालाआड झाली. पण कार्तिकी दिसली. पायघोळ परकर, आणि भर उन्हात लोकरीचे मोजे. "एवढ्या उन्हात पोरीला लोकरीचे मोजे कोण घालतं, विजू?" मला कळलं. मनीषा कित्येक महिन्यांत आली नव्हती. ती पहिली. तिच्याकडे बघून बाकीच्यांनी बूट वाहिले. तिच्या पोरीचा पाय फिरला हे कळलं तर सगळ्या जणी तिला धरणार, आणि घरी ग्रहण पुन्हा वर निघणार.

मी म्हणाले, आपण सांगूया, देवीला बूट शाळेत नाव घातल्यावरच चालतात. आधी वाहिले तर आई रागावते. एका महिन्यात सगळ्या ऐकतील बघ. देवीला दोन वर्षं थांबायला काय होतंय? तू एकदम उसळलीस. "मी देवीच्या वतीने बोलू? डॉक्टर मी, भगत नव्हे!" मी म्हणाले, पाय वाचतात ना! तू म्हणालीस, "आज मी तिच्या वतीने बोलले, उद्या दुसरं कुणी बोलेल. तो सांगेल, प्लास्टरच नको, अंगारा लावा. मग कुठल्या तोंडाने अडवशील त्याला?" मी म्हणाले, उद्याचं उद्या, आज त्या कार्तिकीची टाच वर निघालीय. तू म्हणालीस, त्यांना खरं सांगायचं, पुन्हा पुन्हा सांगायचं. मी म्हणाले, सांगून काय दिवे लागले आजवर? तू किल्ली उचललीस. "गुरुवारी बोलू."

तो गुरुवार अमरधामात गेला. उरला तो कालचा.

काल मी खोली उघडली तर बाहेर ही गर्दी. कुणाला फोन करावा लागला नव्हता, एकीने दुसरीला कळवलं होतं. लासलगावच्या बाजूची एक आली होती, सुरगाण्याकडची एक पहाटेच्या गाडीने आली होती. कुणाकडे झेंडू, कुणाकडे मळ्यातला शेवंतीचा हार. वॉर्डबॉयने तुझा फोटो प्लास्टरच्या टेबलावर ठेवला. त्या रांगेने आत येत होत्या, फोटोला फूल वाहत होत्या, पोराला पुढे करून "मॅडमला जय कर" म्हणत होत्या. मी दाराशी उभी राहून पोरांच्या पायांकडे बघत होते. तूच लावलेली खोड. आणि दिसत होतं गं. सगळ्यांचे नव्हे. पण एकाची टाच, एकीची कड, एकाचा आत वळलेला अंगठा.

मग एकीने पिशवीतून बूट काढले. दांडीसकट. फोटोपुढे ठेवले, हळद-कुंकू वाहिलं आणि डोकं टेकवलं. "मॅडम, तुमच्याच हातचं यश," म्हणाली. तिच्या मागच्या बाईनेही पिशवीत हात घातला. तिच्या मागचीनेही. ज्यांचं गडावर जायचं राहिलं होतं त्यांनी आपले बूट तुला आणले होते, शैले. तुला! जी अजून घालत होती, रोज घालत होती, त्या पोरांचे बूट तुझ्या फोटोपुढे जमा होत होते आणि ती पोरं मोकळ्या पायांनी बाहेर पळत होती.

एकच वाक्य माझ्या जिभेवर आलं: मॅडम माझ्या स्वप्नात आल्या होत्या, म्हणाल्या, माझ्यापुढे बूट ठेवू नका. बस्स. एवढं म्हटलं असतं तर प्रत्येकीने मुकाट बूट उचलले असते. तू काय करणार होतीस, फोटोतून उतरून येणार होतीस? मी तोंड उघडलंही.

"थांबा गं," मागून आवाज आला.

मनीषा होती. दाराशी सासू, मनीषाच्या कडेवर कार्तिकी, पायात तेच मोजे. ती रांग सोडून पुढे आली, पोरीला टेबलावर बसवलं, आणि सगळ्यांसमोर एक मोजा ओढून काढला. मग दुसरा. उजवी टाच वर खेचलेली, पाऊल आत वळलेलं, कडेवर घट्टा पडलेला. ती चालताना कशी चालते ते सांगायची गरज कुणालाच उरली नाही.

"मीच पयली वाहिले व्हते," मनीषा म्हणाली. "माझं बघून तुमी वाहिले. तर हे बी बघा. मॅडम सांगत व्हत्या, मी नाय आयकलं. बाजारात मला हाक मारली त्यांनी, मी लपले." मग ती सासूकडे वळली. "आन् गिऱ्हानाचं नाव काढू नका आत्या. मॅडमनी तवाच सांगितलंय." सासूबाईंनी चौकट धरली.

मी कार्तिकीचं पाऊल हातात घेतलं. तू घ्यायचीस तसा अंगठा हाडावर ठेवला, दुसरा हात टाचेखाली. टाच कडक होती. आपण पहिल्यांदा धरली होती तेव्हाही इतकी नव्हती. प्लास्टरचा रोल पाण्यात टाकला, आणि मनीषाने विचारलं, "ताई, परत सरळ व्हईल ना?"

सगळ्या आया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. होईल म्हणायला काय जातं? आई बरं करील म्हणायला काय जातं? मी म्हणाले, "माहीत नाही गं मनीषा. पुन्हा सगळं करू. कदाचित ऑपरेशन करावं लागेल. तरी सांगता येत नाही." बोलता बोलता मला रडू फुटलं, प्लास्टरचे हात पुसायची सोय नव्हती, तशीच रडले. तुला हे असं किती वेळा बोलावं लागलं असेल, आणि मी बाजूला उभी राहून तुला कोरडी म्हणायची. माझ्याने एकदा बोलवलं नाही गं धड.

आणि मग काय झालं सांगू? ती पहिली बाई, हळद-कुंकू वाहिलेली, पुढे झाली. तिने तुझ्या फोटोला हात जोडले, आपले बूट उचलले, पदराने त्यावरचं कुंकू पुसलं आणि बाहेर जाऊन पोराला हाक मारली. मग दुसरी. मग तिसरी. मी कुणाला काही म्हटलं नव्हतं. देवीच्या वतीने नाही, तुझ्या वतीने नाही. "ताई 'व्हईल' नाय म्हनल्या बरं, 'सांगता येत नाय' म्हनल्या," असं एक दुसरीला कुजबुजत होती, आणि दोघींचे चेहरे पांढरे पडले होते.

जिंकलीस बाई. घे. एकदाची जिंकलीस.

दुपारी खोली रिकामी झाली. मी टेबल पुसायला घेतलं, आणि फुलांखाली अजून बूट होते. तीन-चार जोड. मी बाहेर जाऊन विचारलं, कुणाचे आहेत? बाकावर कुणी नव्हतं. वॉर्डबॉय म्हणाला, त्या बायका घाईत होत्या, बूट ठेवून, फूल वाहून लगेच निघाल्या, सकाळचीच पेठची गाडी धरली त्यांनी. मनीषाने मोजा काढला तेव्हा त्या खोलीत नव्हत्याच. एव्हाना घरीही पोचल्या असतील. त्यांची पोरं स्टँडवरून घरापर्यंत पळत गेली असतील, शैले, अगदी सरळ पायांनी. अजून तरी सरळ.